आठाची पुंगळी, नवाची मान

सासूबाईंनी येताना पितळेचं पातेलं आणलं. आमच्याकडे इंडक्शनची शेगडी आहे, तिच्यावर पितळ तापत नाही, हे मी फोनवर दोनदा सांगितलं होतं. तरी आणलं. प्रवासात बॅगेवर काहीतरी आदळलं आणि पातेल्याच्या बुडाला खळगा पडला. आठवडाभर ते न तापणारं, पोचा आलेलं पातेलं स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून होतं. मग एके दिवशी दुपारी जेवण झाल्यावर सासऱ्यांनी ते ठोकायला घेतलं.

आम्ही जर्मनीत, कार्ल्सरूहेच्या बाहेर एका गावात राहतो. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली घरमालकीण. त्या निवृत्त डेंटिस्ट. आमच्या करारात शांततेचे तास लिहिलेले आहेत, दुपारी एक ते तीन. या वेळात खिळासुद्धा ठोकायचा नसतो. सासऱ्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. मी सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं असं पडलं, की खिळा ठोकायचा नसतो, पातेल्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला बेल वाजली. मी घरूनच काम करत होते, हेडफोन काढून दार उघडलं. घरमालकीणबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. सासरे लुंगीत जमिनीवर बसले होते, पुढ्यात टॉवेलची घडी, त्यावर पातेलं, हातात माझ्या नवऱ्याची आयकियाची हातोडी.

"मेसिंग?" बाईंनी विचारलं. म्हणजे पितळ.

मी म्हटलं, हो, पितळ, माफ करा, आत्ता थांबवते. बाई थांबवण्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "यांना पितळेतलं कळतं का?"

मी सासऱ्यांना विचारलं, "बाबा, त्या विचारतायत, तुम्हाला पितळेतलं कळतं का?"

सासऱ्यांनी हातोडी खाली ठेवली. प्रश्न त्यांना थोडा लागला असावा. सरकारी काडतूस कारखान्यात भट्टी खात्याचे चार्जमन म्हणून ते निवृत्त झाले होते. नोकरीभर त्यांनी पितळच तापवलं होतं. "सांग त्यांना," ते म्हणाले, "थोडंफार."

मी सांगितलं. बाईंचा चेहरा उजळला. त्या भराभर बोलल्या. त्यातलं मला कळलं ते एवढंच, तळघर, ह्युल्झन आणि काहीतरी मानेपाशी फाटतंय. ह्युल्झन हा शब्द मी सुपरमार्केटमध्ये रोज वाचते. ह्युल्झनफ्रुष्टे म्हणजे कडधान्यं, त्या कप्प्यात मसूर आणि काबुली चणे असतात. मी भाषांतर केलं, "बाबा, यांच्या तळघरात कडधान्यं आहेत. ती मानेपाशी फाटतायत."

सासऱ्यांनी विचार केला. "किडली असतील," ते म्हणाले.

"पण मग पितळेचं काय?"

"डब्यात ठेवली असतील पितळेच्या. खाली जाऊन बघू या."

तळघरात कडधान्यं नव्हती. एका बाकावर हाताने दाबायची प्रेस पक्की बसवलेली होती, शेजारी तिचे वेगवेगळे साचे, आणि पांढऱ्या ट्रेमध्ये, ज्यात पूर्वी दातांची हत्यारं ठेवत असतील, रायफलीच्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या उभ्या होत्या. जर्मनमध्ये त्यांनाही ह्युल्झनच म्हणतात. बऱ्याचशांच्या तोंडाला उभी चीर गेली होती. सासऱ्यांनी एक उचलली. उजेडात धरली, उलटी करून बूड पाहिलं, चिरेवरून नख फिरवलं. मग मला म्हणाले, "कडधान्यं म्हणे."

बाईंनी सगळं समजावून सांगितलं. त्यांच्या वडिलांची शिकारीची रायफल होती, नऊ मिलिमीटरची. तिची काडतुसं आता कुणी बनवत नाही. आठ मिलिमीटरच्या, म्हणजे आठाच्या, पुंगळ्या मात्र सर्रास मिळतात, आणि अंगाने दोन्ही सारख्याच, फरक फक्त मानेचा, गोळी बसते त्या तोंडाकडच्या भागाचा. म्हणून त्या आठाच्या पुंगळीची मान प्रेसमध्ये हळूहळू रुंद करून नवाची करायच्या. निम्म्या फाटायच्या. स्वतः काडतूस भरायचा परवाना त्यांच्याकडे होता. पण परवान्याने माना फाटायच्या थांबत नाहीत, असं त्या म्हणाल्या.

"एक गोष्ट," बाई बोट वर करून म्हणाल्या. "रिकामी पुंगळी कुणीही हातात घ्यावी. पावडरच्या कपाटाला मी सोडून कुणी हात लावायचा नाही. मी भरायला बसले की खोलीत कुणी थांबायचं नाही."

पावडर म्हणजे बंदुकीची दारू. मी सांगितलं, "दारूच्या कपाटाला हात लावायचा नाही म्हणतायत."

"बरोबर आहे," सासरे म्हणाले. "आमच्याकडेही दारू भरायच्या खात्याला वेगळं गेट होतं. मला तिकडे सोडत नसत." आणि त्यांनी बाईंकडे पाहून मान डोलावली. जर्मनीत आल्यापासून एखाद्या नियमाला त्यांनी दिलेली ती पहिली मान्यता.

वर आल्यावर ते नवऱ्याला फोनवर सांगत होते. नवरा त्सुफेनहाउझेनला गाड्यांच्या कारखान्यात आहे, त्या वेळी परतीच्या रेल्वेगाडीत होता आणि गाडी नेहमीप्रमाणे कुठेतरी उभी होती. "पितळ कडक झालंय, दुसरं काही नाही," सासरे म्हणत होते. "वाकवलं की पितळ कडक होतं. परत मऊ करायला तापवावं लागतं. भट्टी पाहिजे." पलीकडून नवऱ्याने बहुधा विचारलं की तुम्ही आराम का करत नाही. सासऱ्यांनी फोन सासूबाईंकडे दिला.

भट्टी निघाली. दातांवर बसवायच्या टोप्या भाजायची छोटी विजेची भट्टी बाईंनी दवाखाना बंद करताना घरी आणून ठेवली होती. तिच्यावर तापमानाचे आकडे दिसत होते. सासऱ्यांनी ती पाहिली आणि देवासमोर उभं राहावं तसे हात मागे बांधून उभे राहिले. बाई म्हणाल्या, एक-दोन टाकून बघा, मी कॉयरला जाऊन येते. मी ते नीट सांगितलं. कॉयर म्हणजे चर्चमधलं समूहगान, हेही सांगितलं. मग माझी मीटिंग होती म्हणून मी वर आले.

सासऱ्यांनी एक-दोन टाकल्या. त्या छान मऊ झाल्या, मान सुरेख उघडली, फाटली नाही. मग त्यांनी न फाटलेल्या उरलेल्या सगळ्या टाकल्या.

बाई परत आल्या तेव्हा ट्रेमध्ये ओळीने नवाच्या पुंगळ्या उभ्या होत्या, एकीलाही चीर नाही. सासरे बाजूला उभे. मी खाली गेले होते कारण मलाही वाटलं, आता कौतुक होणार, भाषांतराला कुणीतरी हवं. बाईंनी एक पुंगळी उचलली, मान पाहिली, हसल्या. मग बूड पाहिलं. खणातून पक्कड काढली आणि बूड जरा दाबलं. ते चेपलं. दुसरी घेतली, तीही चेपली. त्या खुर्चीवर बसल्या.

"सगळी पुंगळी तापवली?" त्यांनी विचारलं.

"सगळीच तापवतात," सासरे म्हणाले. "मी आयुष्यभर तापवली."

"बूड कडकच राहायला हवं. स्फोटाचा सगळा जोर बुडावर येतो. बूड मऊ असलं तर गरम वायू मागे येतो. माझ्या तोंडावर." त्यांनी हाताने दाखवलं, भाषांतराची गरज नव्हती. "तुमच्या खात्यानंतर पुंगळीचं काय व्हायचं?"

मी विचारलं. सासऱ्यांच्या भट्टीत पितळेच्या वाट्या यायच्या. तापवायच्या, पुढच्या शेडमध्ये पाठवायच्या. तिकडे त्या ताणून लांब करत, परत तापवायला येत, परत जात. कधीतरी येईनाशा होत. शेवटी त्यांचं बूड कुठे आणि कसं कडक करत, ते पुढचं खातं बघायचं.

"पुढचं खातं बघायचं," ते म्हणाले.

बाईंनी ट्रे बाजूला सरकवला. "श्रॉट," म्हणाल्या.

"बाबा, त्या म्हणतायत की थोडं जास्त मऊ झालंय."

"कळलं मला," सासरे म्हणाले. "स्क्रॅप."

त्यानंतर त्यांनी खाली जाणं बंद केलं. सकाळी खिडकीशी बसत आणि कचऱ्याची गाडी येईपर्यंत बघत. कचऱ्याची गाडी गेली की काहीच बघत नसत. घरातले सगळे स्क्रू त्यांनी आल्या आठवड्यातच घट्ट करून टाकले होते, त्यामुळे तोही मार्ग उरला नव्हता. पातेल्याला हात लावला नाही.

"अहो, चुकलं तर चुकलं," सासूबाई म्हणाल्या. "खाली जा आणि सांगा."

"सांगायला मला भाषा येते का?"

"सूनबाई आहे की."

"तिने कडधान्यं सांगितलं होतं."

मी हेडफोन परत कानांवर चढवले.

शेवटी सासूबाई स्वतःच खाली गेल्या. बशीत थालीपीठ आणि वर लोण्याचा गोळा घेऊन. मी म्हटलं, मी येते, तर म्हणाल्या, "तू ऑफिसचं बघ." त्यांना जर्मन येत नाही, इंग्रजीही जेमतेम. मला वाटलं, पाच मिनिटांत परत येतील. माझे दोन कॉल झाले तरी आल्या नाहीत. मी जिन्यात जाऊन कान दिला, तर खालून दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता, एकीचं मराठी, दुसरीचं जर्मन, आणि कुणी कुणाला थांबवत नव्हतं.

वर आल्यावर त्यांनी रिकामी बशी धुतली. "तिचा नवरा गेला," त्या म्हणाल्या. "मोठं आजारपण झालं."

"तुम्हाला कसं कळलं, आई?"

"फोटो दाखवला. हार नव्हता, पण कळतं ना. आधी जाड होता, मग बारीक झालेला." मग सासऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला उद्या बोलावलंय. नाश्ता झाला की."

"कुठल्या भाषेत बोलावलं?"

"हाताने."

दुसऱ्या दिवशी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून खाली गेले. मी सोबत गेले. त्यांनी आधी मला एक वाक्य दिलं आणि शब्दाला शब्द सांग म्हणाले. वाक्य असं होतं, "मला माझ्या खात्यापुरतंच माहीत होतं." मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "आणि मला फक्त दात माहीत होते." मग इन ऑर्डनुंग, म्हणजे ठीक आहे, म्हणाल्या, आणि कामाला लागल्या.

आपल्या शूटिंग क्लबातल्या लोकांकडून त्यांनी पुन्हा आठाच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा केल्या होत्या. प्रश्न आता सोपा होता. मान तापली पाहिजे, बूड थंड राहिलं पाहिजे. बाई एक-एक पुंगळी बोटात धरून गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीपुढे फिरवायच्या, बोट भाजलं की टाकायच्या. त्यामुळे एक मान जास्त तापायची, दुसरी कमी. सासऱ्यांनी ट्रेमध्ये पाणी मागितलं. पुंगळ्या खांद्यांच्या खालपर्यंत येईल इतक्या पाण्यात उभ्या केल्या, फक्त खांदे आणि माना बाहेर. बाईंनी दिवा मालवला, खिडकीला फळी लावली, कारण पितळेचा रंग उजेडात दिसत नाही. त्या ज्योत धरायच्या. मानेवर जेमतेम लाली आली की सासरे चिमट्याने पुंगळी पाण्यात आडवी पाडायचे. चिमटा दातांचाच होता.

लाली कधी आली यावर पहिले दोन दिवस त्यांचे मतभेद झाले. बाईंचं म्हणणं, सासरे उशीर करतात. सासऱ्यांचं म्हणणं, बाईंना मोतीबिंदू असावा. याचं भाषांतर मी केलं नाही. मग ठरलं की दोघांपैकी ज्याला आधी दिसेल त्याने सांगायचं. त्यासाठी सासरे एक जर्मन शब्द शिकले, येट्स्ट. म्हणजे आत्ता. त्यानंतर माझी गरज संपली. मी वर काम करत बसायचे आणि जिन्यातून अधूनमधून कधी बाईंचं, कधी सासऱ्यांचं येट्स्ट ऐकू यायचं, आणि मागोमाग पाण्यात चर्र. दुपारी एकला सगळं बंद. तीनला पुन्हा सुरू.

थोड्या तरीही फाटल्या. पण थोड्याच. बाईंनी प्रत्येक पुंगळीचं बूड पकडीने तपासलं आणि एकही चेपलं नाही. मग त्या भरायला बसल्या आणि सासऱ्यांनी कुणी सांगायच्या आधी खोली सोडली. वर येऊन हात धुतले. "टोपी बसवतायत आता," मला म्हणाले. ज्या छोट्याशा टोपीवर रायफलीचा खिळा आपटतो, तिला जर्मनमध्येही टोपीच म्हणतात, त्स्युंडह्युटशन, पेटवायची छोटी टोपी. हे बाईंनी त्यांना हाताने समजावलं होतं. मला तो शब्द माहीत नव्हता.

शनिवारी बाई आम्हाला शूटिंग क्लबला घेऊन गेल्या. नवऱ्याला गाडी धुवायची होती. जंगलात एक बैठं कौलारू घर, आत भिंतीवर शिंगं आणि जुन्या विजेत्यांचे फोटो, बाहेर फायरिंगची जागा. आमचे पासपोर्ट पाहिले, सही घेतली आणि कानांवर बसवायला जाड आवरणं दिली. सासूबाईंनी ती अंबाड्यावरून बसेनात म्हणून हनुवटीखालून बसवली.

बाई रायफल घेऊन टेबलाशी बसल्या. आम्ही लाल रेघेच्या मागे उभे होतो. सासऱ्यांचं लक्ष पुढच्या कागदाच्या निशाण्याकडे नव्हतं, ते बाईंच्या उजव्या हाताकडे बघत होते.

बार झाला.

सासऱ्यांनी माझा दंड धरला. ते एक पाऊल मागे गेले आणि तिथेच थांबले. बाईंनी बोल्ट ओढला, पुंगळी बाहेर पडली. त्यांनी ती उचलून मान पाहिली, बूड पाहिलं, मागे वळून अंगठा दाखवला आणि पुंगळी सासऱ्यांच्या हातावर ठेवली. अजून गरम होती. मान शाबूत होती. सासऱ्यांनी ती धरून ठेवली, पण पाहिली नाही.

बाईंनी आणखी बार केले. एकही मान फाटली नाही. तिथल्या देखरेखीच्या माणसाने सासऱ्यांना खुणेने विचारलं, तुम्ही एक मारणार का. सासऱ्यांनी नको म्हटलं. सासूबाईंना विचारलं, त्याही नको म्हणाल्या. "जत्रेत फुगे फोडायचे मी," मला म्हणाल्या, "पण त्या बंदुकीला एवढा आवाज नव्हता."

नंतर क्लबच्या खोलीत कॉफी आणि प्लमचा केक होता. सासरे कॉफीत साखर टाकून ढवळत राहिले. मग म्हणाले, "आमच्या कारखान्यात चाचणीचा रेंज अगदी पलीकडच्या टोकाला होता. इकडे आवाज यायचा तो कुणीतरी गोधडी झटकल्यासारखा. धप, धप. आम्ही डबे खायचो तेव्हा चालू असायचं. मला वाटायचं, बंदुकीचा आवाज तो."

मी बाईंना सांगितलं. गोधडीला मी रजई म्हटलं.

"त्यांना विचार," सासरे म्हणाले, "या आपल्या गोळ्या कशाला लागणार."

बाई म्हणाल्या, रानडुकरांना. मक्याची शेतं उकरून टाकतात. त्या भागातल्या शिकारीचा हक्क त्यांच्याकडे आहे, शरद ऋतूत जावं लागतं.

सासऱ्यांनी मान हलवली. "आमच्या कुठे गेल्या ते आम्हाला कधी कळलं नाही," ते म्हणाले. "पेट्या भरायच्या, ट्रक जायचे. कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही."

हे मी जमेल तसं सांगितलं. बाईंनी केकचा तुकडा बशीत तसाच ठेवला. "माझे वडील लढाईत होते," त्या म्हणाल्या. "घरी आल्यावर फक्त डुकरांबद्दल बोलायचे. आधीच्या गोळ्यांबद्दल कधी नाही. आम्हीही विचारलं नाही."

मी सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "हं." सासूबाईंनी आपल्या बशीतला केक उचलून सासऱ्यांच्या बशीत ठेवला, कारण त्यात अंडं असावं अशी त्यांना शंका आली होती. देखरेखीचा माणूस दिवे मालवू लागला तेव्हा आम्ही उठलो.

मला वाटलं होतं, आता ते तळघरात जाणार नाहीत. सोमवारी नाश्ता झाल्यावर गेले. भारतात परत निघायच्या दिवसापर्यंत जात राहिले. मात्र आता जिन्यातून येट्स्टच्या मधेमधे बोलणं ऐकू यायचं. बाई जर्मनमध्ये काहीतरी लांबलचक सांगायच्या, मग सासरे मराठीत. एकदा मी कपडे वाळत घालायला खाली गेले, तर ते कारखान्याच्या स्पोर्ट्स डेला झालेल्या रस्सीखेचीबद्दल सांगत होते आणि बाई ज्योत बंद करून, चष्मा कपाळावर सरकवून नीट ऐकत होत्या. भट्टी खातं हरलं, तिथे बाईंनी जीभ टाळ्याला लावून चक् केलं. तिथे तेच करायला हवं होतं.

निघताना सासऱ्यांना एक पुंगळी सोबत न्यायची होती. "रिकामी आहे," ते म्हणाले. मी नाही म्हटलं. रिकामी पुंगळी बॅगेत सापडली तर विमानतळावर काय होतं, हे मी त्यांना इंटरनेटवरून वाचून दाखवलं. त्यांनी वाद घातला नाही. नियम त्यांना पटला, बहुधा. पुंगळी तळघरात ट्रेमध्ये ठेवून आले.

शरद ऋतूत बाईंनी पहिलं डुक्कर मारलं आणि मागच्या पायाचं मांस कागदात गुंडाळून वर आणून दिलं. आम्ही घरी मांस शिजवत नाही. नवऱ्याने ते ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला दिलं आणि तो सहकारी त्यानंतर नवऱ्याशी फार चांगलं वागतो. मी व्हिडिओ कॉलवर सासऱ्यांना सांगितलं की बाईंना डुक्कर मिळालं, तुमच्याच काडतुसाने.

"एका गोळीत गेलं का?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी फोन तसाच हातात घेऊन खाली गेले आणि बाईंना विचारलं. बाई पडद्यात बघून मोठ्याने म्हणाल्या, हो, एका गोळीत, जागच्या जागी. मी भाषांतर केलं.

"बरं झालं," सासरे म्हणाले. मग बाईंनी त्यांना विचारलं, तिकडे हवा कशी आहे, आणि सासऱ्यांनी मराठीत सांगितलं की ऊन फार आहे. बाई म्हणाल्या, इथेही धुकं फार आहे. मी भाषांतर केलं नाही. फोन हातात धरून उभी राहिले.